वाटेत राहिलेली

लिफ्टमध्ये एकटं सापडलेलं माणूस काय करील याचा नेम नाही. कोणी दात तपासतं, कोणी पोट आत ओढून बघतं, कोणी उगाच स्वतःवर डोळे वटारून घेतं. मेणताई जीभ बाहेर काढते. तिला तसं कारण आहे. मेणावर खुणा करायला ती कॉपिंग पेन्सिल वापरते, आणि ती पेन्सिल जिभेवर ओली केल्याशिवाय नीट उमटत नाही. संध्याकाळपर्यंत जीभ जांभळी होते, आणि सकाळी कितीही घासली तरी कडेने जांभळट राहतेच. म्हणून आठव्या मजल्यावरून खाली येताना ती रोज आरशात जीभ मुळापर्यंत बघून घेते, म्हणजे दिवसभर कोणाशी किती तोंड उघडून बोलायचं याचा अंदाज येतो. त्या सोमवारी तिने जीभ काढली आणि गळ्यात काहीतरी वर सरकलं. वाटाण्याहून मोठं, सुपारीहून लहान, बरोब्बर मध्यभागी. जीभ आत घेतली, ते खाली आलं. पुन्हा काढली, पुन्हा वर. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा ती चौथ्यांदा जीभ काढून, हनुवटी छताकडे आणि डोळे आरशाकडे करून उभी होती, आणि दारात निवृत्त पोस्टमास्तर हातात पिशवी घेऊन उभे होते.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी जिन्याने येतो."

रस्त्यावर येईपर्यंत तिला हसू आवरत नव्हतं. हसू ओसरलं आणि एकच शब्द उरला, गाठ. आपल्या भाषेत गाठ हा शब्द मोठा खेळकर आहे. दोरीला बसते ती गाठ, रस्त्यात माणूस भेटलं की पडते ती गाठ, लग्न झालं की तीही गाठच, आणि विसरू नये म्हणून मनाशी बांधतो ती खूणगाठ. असा सगळीकडे उंडारणारा, कोणाच्याही घरात सहज शिरणारा शब्द, पण तोच 'गळ्यात' या शब्दाच्या शेजारी जाऊन बसला की घरातली माणसं एकदम हळू आवाजात बोलायला लागतात. मेणताई बसमध्ये खिडकीशी बसली, रुमालाने कपाळ पुसल्यासारखं करत हात गळ्यापाशी नेला आणि चाचपलं. दुखत नव्हतं. गुळगुळीत होतं. आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे, ते काय असणार हे तिला चांगलंच ठाऊक होतं. सव्वीस वर्षं ती मेणात हेच घडवत आली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा गळ्यातच होता.

मेणताई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात, तळमजल्यावर, वीस पावलं लांब आणि आठ पावलं रुंद अशी तिची खोली आहे. तिथे मेण, टर्पेंटाइन आणि जुन्या लाकडाचा वास येतो आणि उन्हाळ्यातही खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. काम असं असतं. पाच आठवड्यांचा गर्भ, करंगळीच्या नखावर मावेल एवढा, यंत्रात धरून त्याचे इतके पातळ काप काढलेले असतात की शंभर काप एकावर एक ठेवले तरी जाडी एक मिलिमीटरच भरते. एकेक काप एकेका काचपट्टीवर. त्याची शंभरपट मोठी सावली भिंतीवरच्या कागदावर पाडायची, हवी ती कड गिरवायची, ती मिलिमीटरभर जाडीच्या मेणाच्या पानावर उतरवायची, गरम सुरीने कापायची, आणि पानावर पान रचत जायचं. क्रम चुकला की संपलं. गेल्या महिन्यात एका नव्या सहायकाने चाळीस पानं उलटी रचली, तर गर्भाची थायरॉइड खाली उतरायच्या ऐवजी मेंदूकडे चढायला निघाली, आणि विभागप्रमुख ती बघून म्हणाले, हिला बढती मिळालेली दिसते.

थायरॉइड उतरते, हे मेणताईचं सगळ्यात लाडकं प्रकरण. शरीरातल्या अंतःस्रावी ग्रंथींमध्ये पहिली जागी होते ती हीच. चोविसावा दिवस असतो. अजून हात नाहीत, पाय नाहीत, तोंड म्हणजे नुसती एक फट, आणि जी पुढे जीभ होणार आहे तिच्या मुळाशी एक बारीकसा खळगा पडतो. तिथून पेशींचा एक पुंजका निघतो आणि गळ्याच्या पुढच्या अंगाने खाली चालू लागतो, मागे एक दोरा सोडत. पुढे जिथे हनुवटीखालचं लहानसं हाड बनणार असतं, त्या जागेवरून जातो, आणि सातव्या आठवड्यात श्वासनळीसमोर जाऊन दोन्ही बाजूंना फुलपाखरासारखा पसरून बसतो. मग दोरा विरघळतो. खळगा तेवढा जिभेच्या मुळाशी जन्मभर राहतो. काही जणांत मात्र दोरा पुरता विरत नाही, वाटेत कुठेतरी त्याचा तुकडा तग धरून राहतो, आणि पुढे केव्हातरी, दहाव्या वर्षी नाहीतर पन्नासाव्या, फुगून वर येतो. जिभेशी नातं तुटलेलं नसल्यामुळे जीभ काढली की तोही हलतो. विद्यार्थ्यांना हे सांगताना मेणताई नेहमी म्हणायची, "माहेर सुटत नाही बघा." पोरं हसायची. आता बसमध्ये बसल्या बसल्या तिला वाटलं, विनोद जरा जपून करायला हवे होते.

घरी तिने संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. नवरा हवामान खात्यात. बोलणं मोजकं आणि तेही टक्क्यांत. ही दोघं भेटली तीच मुळी जिन्यात. तो वरच्या मजल्यावर राहायचा, सदा विचारात, आणि ही खालच्या मजल्यावर, घरात अखंड तोंड चालू. तो एकेक पायरी उतरत गेला, ही एकेक पायरी चढत गेली, आणि मधल्या मजल्यावर पाण्याच्या मीटरजवळ दोघांची गाठ पडली. पुढे पिट्यूटरी ग्रंथीचं मेण करताना मेणताईला एकटीलाच हसू यायचं, कारण तिथेही असंच. तोंडाच्या छतातून एक पिशवी वर निघते, मेंदूच्या तळातून एक दांडा खाली येतो, दोघं वेगवेगळ्या कुळांतले, आणि मध्ये भेटून एक ग्रंथी होतात, जी पुढे सगळ्या शरीरावर हुकूम चालवते. फक्त त्यांच्या घरात हुकूम कोण चालवतं यावर मतभेद होते. नवऱ्याने तिच्या गळ्याला हात लावला, जीभ काढायला सांगितली, आत घ्यायला सांगितली, आणि आकाशाकडे बघावं तसं बराच वेळ बघत राहिला.

"साठ टक्के काही नसेल," तो म्हणाला.

"आणि चाळीस?"

"चाळीस धाकटीला विचारू."

धाकटी म्हणजे मेणताईची बहीण. चार वर्षांनी लहान, कान-नाक-घशाची सर्जन, हात सोन्याचा आणि जीभ सुरीची. घरात ओळख करून द्यायची पद्धत ठरलेली होती: ही आमची मोठी, हिने डॉक्टरकी अर्ध्यावर सोडली, आणि ही धाकटी, डॉक्टर. मावश्या, आत्या, शेजारी, सगळे याच क्रमाने सांगायचे आणि 'अर्ध्यावर'वर आवाज जरा खाली आणायचे. मेणताईला त्याचा राग यायचा नाही, पण दर वेळी एक बारीक कळ मात्र यायची, अगदी सव्वीस वर्षांनंतरही. खरं तर सोडली असंही नव्हतं. दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. घरात एवढी बडबडी पोरगी, पण समोर कोणी अधिकाराचं माणूस बसलं की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. परीक्षक वयाने आणि मानाने मोठे. त्यांनी विचारलं, थायरॉइड कुठून सुरू होते? उत्तर तिला पाठ होतं, आठवडे, दिवस, सगळं. पण जीभ हलेना. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली, परीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं, तेव्हा तिने नाइलाजाने जीभ पूर्ण बाहेर काढली आणि बोटाने तिच्या मुळाकडे दाखवलं. उत्तर बरोबर होतं. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि कागदावर एकच शब्द लिहिला: उद्धट. सहा महिन्यांनी ती पुन्हा परीक्षेला गेली, दारापर्यंत गेली, आणि दारातूनच मागे वळली. तळमजल्याच्या बाकावर रडत बसली असताना तिथले म्हातारे मेणकाम करणारे, ज्यांना सगळे बुवा म्हणायचे, हातात गरम सुरी घेऊन बाहेर आले. त्यांनी तिची चित्रवही पाहिलेली होती.

"हात थरथरतो का तुझा?" बुवांनी विचारलं.

"नाही."

"मग जीभ थरथरली तर थरथरू दे. आत ये, मेण निवतंय."

ती आत गेली. सात वर्षं बुवांच्या हाताखाली, आणि पुढची एकोणीस स्वतः बुवा होऊन. सुख होतं त्या खोलीत, हे तिला कबूल होतं. सकाळी पहिल्या पानावर सुरी फिरली की मेण लोण्यासारखं बाजूला व्हायचं आणि तिला वाटायचं, जगात कोणाचं काय अडलंय माझ्यावाचून, आणि माझं तरी कोणावाचून. पण तिच्याच हाताखालच्या मेणाने तिला अधूनमधून चिमटाही काढलेला होता. पॅराथायरॉइडच्या चार बारीक ग्रंथींचं असं असतं, की ज्या जोडीचा जन्म वरच्या कप्प्यात होतो ती पुढे खाली जाऊन बसते, आणि खालच्या कप्प्यातली जोडी वर राहते. वाटेत एक जोडी दुसरीला मागे टाकून जाते. बुवांनी हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा धाकटीचा निकाल लागून आठच दिवस झाले होते, आणि मेणताईने मान खाली घालून म्हटलं होतं, "आमच्या घरी झालंय हे." बुवा म्हणाले होते, "चारही जणी कामाच्या असतात, बाई. एकीला काढलं की बाकीच्यांना कळतं." बुवांचं बोलणं असंच. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाभ्याला ते घरजावई म्हणायचे, कारण त्या पेशी मज्जातंतूंच्या कुळातून निघून दुसऱ्याच कुळाने बांधलेल्या घरात शिरतात आणि भर मध्यावर बैठक मारतात. "आणि वर सगळ्यांना घाबरवून सोडतात," असंही म्हणायचे.

मंगळवारी संध्याकाळी धाकटी दवाखान्यातून परस्पर आली. चपला काढता काढताच म्हणाली, "जीभ काढ."

"हल्ली मी तेवढंच करते," मेणताई म्हणाली आणि काढली.

"गिळ. पुन्हा. दुखतं? नाही ना? ही बघ, अशी वर जाते." धाकटीची बोटं गार आणि खात्रीची. दहा सेकंदांत तिने हात काढून घेतला. "थायरोग्लॉसल सिस्ट. वाटेत राहिलेला नळीचा तुकडा, तुला काय सांगायचं, तू तर मेणाच्या करतेस. परवा, गुरुवारी सकाळी, माझी यादी मोकळी आहे. पाऊण तासाचं काम. शुक्रवारी घरी."

"म्हणजे शंभर टक्के?" नवऱ्याने विचारलं.

"नव्व्याण्णव."

नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याच्या नोकरीत नव्व्याण्णव कधी मिळत नसे. त्याने उठून चहा टाकला. मेणताईच्या मनात मात्र त्याच क्षणी एक प्रश्न उठला होता, आणि उठून घशाशी येऊन बसला होता, गाठीच्या शेजारीच. ती म्हणाली, "पण खाली..."

"खाली काही अंथरायला नको, खाट आहे तिथे," धाकटी म्हणाली. "तू फक्त उपाशीपोटी ये. आणि घाबरू नकोस, ताई. मी आहे ना."

मी आहे ना म्हटल्यावर माणूस काय बोलणार. प्रश्न गिळला गेला. गाठ वर जाऊन खाली आली.

बुधवारी सकाळी ती खोलीवर आली, दिवा लावला, मेण तापत ठेवलं आणि भिंतीकडच्या कपाटासमोर जाऊन उभी राहिली. कपाटात बुवांच्या हातची कामं होती. तिसऱ्या फळीवर एका मोठ्या माणसाच्या गळ्याची प्रतिकृती होती, तिच्याखाली बुवांच्या अक्षरात चिठ्ठी: वाटेत राहिलेली. तिचा किस्सा बुवांनी एकदाच सांगितला होता, पण हातातलं काम बाजूला ठेवून सांगितला होता, म्हणून तो लक्षात राहिला. एक शिक्षिका होत्या. गळ्यात मध्यभागी लहानशी गाठ, जिभेबरोबर हलणारी. नळीचा तुकडा समजून काढून टाकली. जखम सुरेख भरली. पण बाई दिवसेंदिवस मंदावत गेल्या. थंडी वाजायला लागली, चेहरा सुजला, फळ्यावर लिहिता लिहिता डोळा लागायला लागला. मग कोणीतरी खाली, ग्रंथीच्या नेहमीच्या जागी तपासलं, तर तिथे काहीच नव्हतं. काढली ती गाठ नव्हती. ती थायरॉइडच होती, आख्खी, एकुलती एक, अर्ध्या वाटेवर थांबलेली आणि तिथूनच संसार चालवणारी. "क्वचित असतं," बुवा म्हणाले होते, "पण ज्याचं असतं त्याचं सगळंच असतं. म्हणून कापण्याआधी खाली बघायचं. घरात सून आली की नाही ते न बघता वाटेवरच्या बाईला हाकलू नये."

मेणताई स्टुलावर बसली आणि स्वतःच्या गळ्याच्या खालच्या भागावर बोटं फिरवू लागली. सव्वीस वर्षं मेणात ज्या फुलपाखराचे पंख तिने डोळे मिटून कापले होते, ते स्वतःच्या कातडीखाली आहेत का, हे काही केल्या कळेना. मग ती लक्षणं मोजायला लागली. हात गार पडतात. पण ते लहानपणापासून. जेवल्यावर झोप येते. ती कोणाला येत नाही. वजन वाढलंय, ते आरशाने आधीच सांगितलेलं. दोन वर्षांपासून संध्याकाळी थकायला होतं. पण सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला संध्याकाळी थकू नये असं कुठे लिहिलंय. सगळी लक्षणं तिच्यात होती आणि सगळी पोस्टमास्तरांतही असतील. तिला एकाच वेळी भीती वाटत होती आणि स्वतःचं हसूही येत होतं. भीती गाठीची फारशी नव्हतीच. उद्या सकाळी आपण बहिणीच्या सोन्यासारख्या हाताखाली गप्प पडून राहू, विचारायचं ते विचारणार नाही, आणि ती प्रेमाने, सुरेख टाके घालून, आपलं होतं नव्हतं ते काढून टाकील, ही ती भीती. एवढंसं विचारायचं होतं: खाली कोणी बघितलंय का? चार शब्द. पण ते शब्द उच्चारायचे म्हणजे जिने डॉक्टरकी पूर्ण केली तिला, जिने ती अर्ध्यावर सोडली तिने, तुझं चुकतंय म्हणायचं. घरात ती काही वैद्यकीय बोलली की सगळे मायेने हसायचे आणि धाकटी म्हणायची, ताई, तुझं मेण उतू जातंय बघ. आणि तपासून खाली ग्रंथी जागच्या जागी निघाली, तर मग जन्मभर प्रत्येक जेवणाच्या वेळी हा विनोद पुन्हा वाढला जाणार. विनोद परवडला, तिने स्वतःला बजावलं. पण परवडला म्हणणारं मन एकीकडे आणि जीभ दुसरीकडे.

बारा वाजता धाकटी स्वतःच आली. रक्त तपासायला न्यायला आली होती, पण दारातच थबकली. या खोलीत ती कित्येक वर्षांत आली नव्हती. टेबलावर नवीन काम उभं होतं, पाच आठवड्यांच्या गर्भाचा गळा, दोनशे सदतीस पानं झालेली, बाकीची व्हायची, आणि मधोमध लाल मेणाचा एक गोळा पिवळ्या दोऱ्याला लटकलेला.

"हे तू केलंस?" धाकटी म्हणाली. "हे... अगं, हे आम्हाला कॉलेजात असं दिसलंच नव्हतं कधी. आम्ही नुसत्या बाणांच्या आकृत्या पाठ केल्या."

मेणताईचं तोंड उघडलं आणि नेहमीसारखं मिटलं. पण हात रिकामे होते, आणि हातांना कधी कुलूप लागत नसे. तिने टेबलावरची बारीक सळई उचलली, जिभेच्या मुळाशी असलेल्या खळग्यावर टेकवली आणि तिथून दोऱ्यावरून सावकाश खाली आणत लाल गोळ्यावर थांबवली. मग तिथून खाली, श्वासनळीसमोरच्या रिकाम्या जागेवर नेली आणि तिथेच धरून ठेवली. धाकटी बघत होती. सळई हलली नाही.

"हं," धाकटी म्हणाली. "तिथे पोचते सातव्या आठवड्यात."

"माझी पोचलीय का?" मेणताई म्हणाली. आवाज किंचित चिरका आला, पण आला. "कोणी बघितलंय?"

खोलीत मेण बुडबुडत होतं. धाकटीने आधी मेणाकडे बघितलं, मग बहिणीच्या गळ्याकडे.

"दुसऱ्या पेशंटचं बघतेस?" मेणताईने विचारलं. आता शब्द आपले आपण येत होते.

"प्रत्येकाचं. सोनोग्राफी केल्याशिवाय मी सुरी हातात घेत नाही. कोणालाही विचार."

"मग माझी?"

"तू घरची आहेस," धाकटी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आपण काय म्हणालो ते ऐकू आलं. घरच्या माणसाला रांग नाही, चिठ्ठी नाही, कागद नाही. घरच्या माणसाचं सगळं लगेच आणि मागच्या दाराने, आणि म्हणून निम्मंच. मेणताईने कॉलेजात हे असं अर्धवट प्रेम पुष्कळ बघितलं होतं, डॉक्टरांच्या बायका, डॉक्टरांचे वडील. तिने शेगडीचा खटका बंद केला. धाकटीने तिची पिशवी उचलली.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता आणि पडद्यापलीकडे कोणीतरी शिंकत होतं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि गळ्याला लावलेलं जेल बर्फासारखं गार होतं. त्यांनी यंत्राचा दांडा गळ्याच्या खालच्या भागावर ठेवला, उजवीकडे नेला, डावीकडे नेला, मग थांबून पुन्हा उजवीकडे नेला. मेणताई छताकडे बघत होती. तिला यंत्राचा पडदा दिसत नव्हता, फक्त धाकटीचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर काय उमटतंय हे वाचायला तिला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती. चार वर्षांची असल्यापासून ती तो वाचत आली होती. तो चेहरा आधी एकाग्र झाला, मग रिकामा झाला, मग पांढरा पडला.

"इथे खाली काहीच नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही बाजू मोकळ्या." दांडा वर सरकला, गाठीवर आला. "आणि ही सिस्ट नाही. पाणी नाही हिच्यात, भरीव आहे, रक्तपुरवठा छान आहे. ही थायरॉइडच आहे, मॅडम. सगळी इथेच आहे."

मेणताईला आधी काहीच वाटलं नाही. मग छातीतून काहीतरी उसळत आलं, आणि ते हसू आहे हे तिला जरा उशिराने कळलं. सत्तेचाळीस वर्षं. शाळा, अभ्यास, लग्न, दोन बाळंतपणं, शेकडो पानांचे ते सगळे गळे. या सगळ्याला लागलेली ऊब कुठून आली होती, तर अर्ध्या वाटेवरून. कोणी तिला विचारलंही नव्हतं की बाई, तू पोचलीस का. तिने कामाला लागायचं ठरवलं आणि लागली. आता कुठे जराशी दमली होती, म्हणून फुगून वर आली होती, एवढंच.

"हसू नका हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चित्र हलतंय."

धाकटी स्टुलावर बसली. तिचे हात मांडीवर पडले होते, आणि त्या हातांना मेणताईने पहिल्यांदाच थरथरताना बघितलं. "मी उद्या ही काढणार होते," धाकटी म्हणाली. "ताई, मी उद्या सकाळी आठ वाजता ही काढून बरणीत टाकली असती. आणि वर तुला पेढेही... मी तुला काय सांगितलं असतं गं?"

"काढली नाहीस ना," मेणताई म्हणाली. तिने गार, चिकट हाताने बहिणीचा हात धरला. धाकटी रडायला लागली, जोरात नव्हे, सर्दी झाल्यासारखी. मेणताईला तिची दया आली आणि तिच्यावर फार माया आली, आणि गंमत म्हणजे, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, धाकटी पुढे निघून गेली याचं काहीच वाटलं नाही. ती तिथे बसून राहिली, बहीण पुरती रडून होईपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी मधल्या वेळात रिपोर्ट लिहायला घेतला आणि रोज सकाळी एक छोटी गोळी पुरेल, रक्ताचा आकडा आला की मात्रा ठरवा, असं सुरीबिरीचं नाव न घेता सांगितलं.

बाहेर पडल्यावर धाकटीने नाक पुसलं, आवाज साफ केला आणि ऑपरेशन थिएटरला फोन लावला. लावताना स्पीकर चालू झाला होता, हे तिच्या लक्षात आलं नाही.

"सिस्टर, उद्या आठची केस रद्द करा."

"रद्द?" पलीकडून नर्सबाईंचा ठसकेबाज आवाज आला. "मॅडम, तुमच्या बहिणीची ना? कारण काय लिहू?"

"लिहा, गाठ नाही, ग्रंथी आहे."

"मॅडम, दोन्हीचा अर्थ एकच ना?"

धाकटीने तोंड उघडलं. मिटलं. ओठांवरून जीभ फिरवली. मग फोन मेणताईपुढे धरला. "ताई," ती म्हणाली, "तू सांग. मला असं नाही सांगता येणार."

मेणताईने फोन हातात घेतला. कॉरिडॉरमधून लोक येत-जात होते, एक स्ट्रेचर गेलं, कोणीतरी लिफ्टसाठी ओरडत होतं. "ऐका, बाई," ती म्हणाली. "चोविसावा दिवस असतो. हात नाहीत, पाय नाहीत, तोंडाची नुसती फट. तेव्हा ती जिभेच्या मुळापासून निघते..." आणि मग ती थांबलीच नाही, खळगा सांगितला, दोरा सांगितला, हाड सांगितलं, श्वासनळीसमोरची ती जागा सांगितली, आणि कधीकधी कोणी तिथवर पोचत नाही, पण म्हणून कामाला चुकत नाही, हेही सांगितलं. नर्सबाईंनी मध्ये दोनदा "बरं" म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मॅडम, जरा हळू सांगा, मी लिहून घेते."